आंजीचा रस्ता आणि पाल्पाचा घाट

आंजी (मोठी) हे माझ्या शाळेचे गाव. वर्ध्याहून आर्वीला जाताना वाटेत लागते. कागदावर कंसातले ‘मोठी’ लिहावेच लागते, बोलताना मात्र एस.टी.चा कंडक्टरसुद्धा नुसते ‘आंजी’ म्हणतो. आम्ही राहतो वर्ध्यात. माझ्या शौहरची थोडी शेती आंजीच्याही पुढे, खरांगण्याच्या बाजूला आहे. सकाळी मला शाळेत सोडून ते शेतावर जातात, परतताना घेऊन येतात. गाडी २०१२ ची पल्सर. आजवर तिने जे अंतर कापले, त्यातले बहुतेक याच एका रस्त्यावरचे.

हा सगळा पट्टा काळ्या मातीचा. कपाशी, सोयाबीन, तूर. कपाशीला ही माती मानवते, पण रस्त्याला तिच्यासारखा वैरी नाही. पावसात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात वाळून आकसते, तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरचा डांबराचा थर कितीही चांगला टाका, खालची माती दरवर्षी वरखाली होते आणि तिच्याबरोबर रस्ताही. म्हणून आमच्याकडच्या रस्त्यांना खड्डे नसले तरी लाटा असतात. गाडी खड्ड्यात आदळत नाही, होडीसारखी डुलते. समृद्धी महामार्ग आमच्याच जिल्ह्यातून गेला. ११ डिसेंबर २०२२ ला त्याचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला आणि येळाकेळीजवळून त्यावर चढायची सोय झाली. पण त्यावर दुचाकीला बंदी. त्याच्या बांधकामाच्या काळात मातीमुरमाचे टिप्पर मात्र आमच्याच गावरस्त्यांवरून धावले.

या रस्त्यावर गाडीचे सगळ्यात आधी काय झिजत असेल तर शॉकअप. मी विज्ञानाची शिक्षिका नाही, बी.एड.ला माझ्या अध्यापन पद्धती मराठी आणि उर्दू. पण शॉकअप समजायला विज्ञान लागत नाही. शाळेच्या ऑफिसच्या दाराला, दार आपोआप लागावे म्हणून, वर एक दांडा बसवलेला असतो. त्यात स्प्रिंग असते आणि तेल असते. स्प्रिंग दार ओढते, तेल तिला घाई करू देत नाही. तेल गळून गेले की दार धाडकन आपटते. शॉकअपचेही तेच. स्प्रिंग धक्का झेलते, पण झेललेला धक्का ती परत फेकते. तेलाला बारीक छिद्रांतून वाट काढत जावे लागते, म्हणून ती फेक मंदावते. तेल संपले, जुने झाले, की गाडी एका धक्क्याला तीन-चार वेळा उडते.

आणि हे एका दिवसात होत नाही. रोज थोडे थोडे होते, म्हणून चालवणाऱ्याला कळत नाही. त्याच्या हाताला गाडीची सवय होत जाते. मागे बसणारीला आधी कळते, कारण ती मागच्या चाकाच्या जवळजवळ डोक्यावर बसलेली असते. २०२२ च्या पावसाळ्यानंतर माझी कंबर दुखू लागली. धक्का लागला की खालून ‘ठक’ असा लोखंडाचा आवाज यायचा. शौहरचे एकच उत्तर, “रस्ताच तसा आहे.” आणि ते खोटेही नव्हते. अवघड तेच होते.

गाडीने नेपाळला जायचे हे त्यांचे जुने स्वप्न. २०२३ ची रमजान ईद एप्रिलमध्ये झाली होती, बकरी ईद जूनच्या शेवटी होती. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, तेव्हा मे महिना मोकळा. मुलगी म्हणाली, “अम्मी, तुम्ही जाऊन या, मी नानीकडे राहते.” निघण्याआधी गाडी दाखवली. इंजिन ऑइल, चेन, टायर, क्लचची तार सगळे झाले. शॉकअपचे विचारले तर मिस्त्री म्हणाला, “चालून जाईल.”

मंगळवारी, १६ मे रोजी फजरनंतर सफरची दुआ पढून निघालो. पहिला मुक्काम जबलपूर, दुसरा प्रयागराज, तिसरा गोरखपूर. या तीन दिवसांबद्दल सांगण्यासारखे एवढेच की ऊन फार होते आणि रस्ता फार चांगला होता. नागपूर-शिवनी रस्त्यावर पेंचच्या जंगलात वन्यप्राण्यांना खालून जाता यावे म्हणून महामार्ग उंच उचलला आहे, तो भाग मला आवडला. गुळगुळीत रस्त्यावर खराब शॉकअपची ओळख पटत नाही. शौहर दर मुक्कामाला म्हणत, “बघ, रस्ता चांगला तर गाडी चांगली.”

चौथ्या दिवशी, शुक्रवारी, सोनौलीची सरहद्द ओलांडली. ज्यांना गाडीने जायचे असेल त्यांच्यासाठी सांगते. भारतीयांना नेपाळला व्हिसा लागत नाही, पण ओळखीसाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते. वय १५ ते ६५ च्या मधले असेल तर आधारवर विसंबू नका. गाडीचे आर.सी. आणि लायसन्स मूळ न्यावे. पलीकडे बेलहियाला कस्टमचे ऑफिस आहे, त्याला नेपाळीत ‘भन्सार’ म्हणतात. तिथे जितके दिवस राहायचे तितक्या दिवसांचे गाडीचे पैसे भरून कागद घ्यावा लागतो. आम्ही सात दिवसांच्या प्रवासाला दहा दिवसांचे भरले. हे जास्तीचे तीन दिवस पुढे फार कामाला आले, प्रत्येकाने असेच भरावे असे मी म्हणेन. भारतीय रुपया आणि नेपाळी रुपया यांचा भाव १९९३ पासून ठरलेला आहे, आपले १०० म्हणजे त्यांचे १६०. तेव्हा शंभरपेक्षा मोठी भारतीय नोट तिथे चालवायला मनाई होती, म्हणून आम्ही शंभराच्या नोटांची गड्डी नेली होती. त्याच दिवशी संध्याकाळी भारतात दोन हजारांची नोट मागे घेतल्याची बातमी आली. हॉटेलचा मालक आमच्याकडे कीव केल्यासारखा बघत होता!

नेपाळीची लिपी देवनागरी. मराठी माणसाला तिथे परदेशात असल्यासारखे वाटतच नाही, पाट्या वाचत वाचत जाता येते. फक्त घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करायचे आणि साल सत्तावन्न वर्षे. भन्सारच्या पावतीवर २०८० लिहिले होते.

बुटवलपर्यंत मैदान आहे. त्यापुढे सिद्धार्थ राजमार्ग डोंगरात शिरतो. हा रस्ता भारताच्या मदतीने बांधलेला, पोखऱ्याला जातो. बुटवल सोडल्याबरोबर तिनाऊ नदीच्या घळीत सिद्धबाबा नावाचा टप्पा लागतो. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला कधीही दगड सुटेल असा कडा. तो टाळण्यासाठी बोगद्याचे काम चालू होते. रस्ता फुटलेला, वरून झिरपणारे पाणी, समोरून ट्रक. इथे आमच्या गाडीचे खरे रूप दिसले. मागे मी आणि सामान, पुढे खड्डा. खड्ड्यात चाक गेले की मागचे शॉकअप तळाला टेकून ‘ठक’ आणि पुढचे बसके होऊन हँडल खाली. प्रत्येक वळणाला मी कलमा पढत होते. शौहर गप्प होते, आणि ते गप्प असले की काहीतरी बिघडले आहे हे मला वीस वर्षांच्या संसारात कळते.

संध्याकाळी बर्तुंगला पोहोचलो. तानसेन हे पाल्पा जिल्ह्याचे मुख्य गाव वर डोंगरावर आहे आणि बर्तुंग त्याच्या पायथ्याशी, हमरस्त्यावर. चहाला थांबलो. मी उतरून पाठ सरळ करत होते, तर दिसले की समोरचे एक शॉकअप, ज्या बाजूला ब्रेकची डिस्क आहे तेच, खालपर्यंत चकाकत होते. बोट लावले तर तेल. ते ओघळत खाली डिस्कपर्यंत आले होते. शौहर म्हणाले, “म्हणूनच ब्रेक लागत नव्हता.” ही गोष्ट त्यांनी घाटात मला सांगितली नव्हती.

इथे थोडे थांबून सांगते, कारण आपल्या घरोघरी मोटारसायकल आहे आणि शॉकअप म्हणजे आरामाची गोष्ट असे आपण समजतो. तसे नाही. ब्रेक चाकाला थांबवतो, पण गाडीला थांबवतो तो चाक आणि रस्ता यांच्यातला स्पर्श. शॉकअप मेले की चाक प्रत्येक उंचवट्यावर उडते आणि जेवढा वेळ ते हवेत आहे तेवढा वेळ ब्रेक असूनही नसल्यासारखा. त्यात मागचा भाग बसला की दिवा आपोआप वर बघू लागतो, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत. आणि पुढच्या शॉकअपचे तेल फुटले तर ते सरळ ब्रेकवर येते, तसे आमच्या गाडीचे आले. आंजीच्या रस्त्यावर याने फक्त कंबर दुखते. उतार, वळण आणि खाली नदी असली की हिशेब वेगळा होतो.

चहावाल्याने पलीकडच्या वर्कशॉपकडे बोट दाखवले. पाटीवर लिहिले होते ‘मोटरसाइकल मर्मत केन्द्र’. ‘मर्मत’ वाचून मला इतक्या संकटातही बरे वाटले. उर्दूत मरम्मत, जुन्या मराठीत मरामत, नेपाळीत मर्मत. अरबीतून निघालेला एक शब्द तीन भाषांत तीन हिज्जे घेऊन बसला आहे आणि अर्थ एकच. वर्गात उसन्या शब्दांचा पाठ घेते तेव्हा हे उदाहरण मी आता नेहमी देते.

वर्कशॉप बंद होत होते. मिस्त्री तिशीतला असेल, तीन वर्षे कतारला गॅरेजात राहून आलेला. त्यामुळे हिंदी बरी, थोडी अरबीही. शौहरना ‘दाइ’ आणि मला ‘दिदी’ म्हणाला. गाडी बघण्याआधी त्याने एक काम केले. पुढचा ब्रेक दाबून धरून हँडलवर जोर टाकला आणि सोडला. गाडी खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली, पुन्हा वर आली. त्याने शौहरकडे बघितले, बोलला काही नाही. चांगली असती तर एकदा वर येऊन थांबली असती. ही तपासणी कोणीही घराच्या अंगणात करू शकतो, पाना लागत नाही.

अडचण अशी की दुसऱ्या दिवशी शनिवार. नेपाळमध्ये तेव्हा आठवड्याची सुटी शनिवारी असे आणि रविवारी सगळे उघडत असे. तो म्हणाला, सुटे भाग बुटवलहून येतात, उद्या दुकाने बंद, परवा सकाळी फोन करू. शौहरना निघायचे होते. पोखऱ्याचे हॉटेल ठरलेले, पैसे भरलेले. ते म्हणाले, “हळू हळू जाऊ. पोखरा मोठे शहर आहे, तिथे करू.” मिस्त्रीने त्यांना समजावले नाही. पुढे आर्यभंज्यांगपासून कालीगंडकीपर्यंत सगळा उतार आहे, एवढेच सांगितले. मी म्हटले, मी बसने जाते, तुम्ही गाडी आणा. मग ते काही बोलले नाहीत. पोखऱ्याच्या हॉटेलचे एका रात्रीचे पैसे बुडाले, ते बुडू दिले.

वर तानसेनपर्यंत चढ आहे आणि अंतर थोडे. तेवढ्यासाठी त्याने सांगितले की शॉकअपच्या नळीभोवती, जिथून तेल येते त्याच्या खाली, फडके घट्ट बांधा, म्हणजे तेल त्यात मुरेल आणि डिस्कवर जाणार नाही. माझी जुनी सुती ओढणी होती, तिची पट्टी फाडून बांधली. फडक्याचे टोक लोंबू द्यायचे नाही, चाकात गेले तर अनर्थ. मागच्या शॉकअपला खाली खाचा असलेली एक बांगडी असते, ती हुकासारख्या पान्याने फिरवली की स्प्रिंग आणखी दाबली जाते. ती त्याने शेवटच्या खाचेवर नेली. “याने शॉकअप बरे होत नाही,” तो म्हणाला, “फक्त तळाला कमी टेकते.” मी मागून उतरले आणि सामान घेऊन जीपने वर गेले.

शनिवारी सकाळी तो सुटी असूनही हॉटेलवर आला, हातात एक्स-रेच्या फिल्मची पट्टी. कोणाच्या तरी फुप्फुसाचा एक्स-रे असावा. ती पट्टी त्याने नळी आणि रबराच्या सीलच्या मधे सरकवून गोल फिरवली. बाहेर आली तेव्हा तिच्यावर काळी माती आणि वाळूचे कण. कधी कधी सील फाटलेले नसते, कचरा अडकून उचललेले असते, मग एवढ्याने तेल थांबते. आमचे थांबले नाही. त्याने नळीवर नख फिरवून एक जागा दाखवली. गंजाचा बारीक खड्डा. गाडी दबली की तो खड्डा सीलला कानशीसारखा घासत होता. पावसाळ्यात चिखल बसलेला, तो आम्ही धुतला तेव्हा धुतला. काळ्या मातीचा चिखल वाळला की सिमेंटसारखा चिकटतो हे आंजीच्या शेतकऱ्याला सांगायला नको.

असा एक पूर्ण दिवस तानसेनला मिळाला. गाडी धड असती तर हे गाव आम्ही बघितलेच नसते, पुढे निघून गेलो असतो. गल्ल्या इतक्या उभ्या की वर्ध्याच्या माणसाच्या पोटऱ्या भरून येतात. इथले ढाका कापड प्रसिद्ध. नाव बांगलादेशच्या ढाक्यावरून, पण विणतात इथे. नेपाळी पुरुषांच्या टोप्या त्याच कापडाच्या. तोटीचा धातूचा तांब्या, त्याला करुवा म्हणतात, तोही इथला. वजू करायला किती सोयीचा, असे मनात आले आणि एक घेतलाही. शौहर म्हणाले, “गाडीवर वजन कमी करायचे की वाढवायचे?” खाली कालीगंडकीच्या काठावर राणीमहाल आहे. खड्ग शमशेर राणा यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या मृत पत्नीच्या, तेजकुमारीच्या आठवणीत बांधला, म्हणून लोक त्याला नेपाळचा ताजमहाल म्हणतात. तो राहून गेला.

जेवणाचा प्रश्न अनेक बहिणी विचारतात. आम्ही सगळीकडे दालभात-तरकारीच खाल्ली. ती प्रत्येक खाणावळीत मिळते, भात आणि डाळ पुन्हा पुन्हा वाढतात, आणि मन साशंक राहत नाही.

बाजारात एका बांगड्यांच्या दुकानात सलाम केला तर सलामाचे उत्तर आले. नेपाळमध्ये मुस्लिम लोकसंख्या सुमारे ५ टक्के आहे. बहुतेक तराईत, म्हणजे बिहार-उत्तर प्रदेशच्या सीमेला लागून. पण डोंगरात, या गंडकीच्या भागात, ‘चुरौटे’ म्हणून ओळखला जाणारा एक लहानसा मुस्लिम समाज पिढ्यान् पिढ्या राहतो. चुरा म्हणजे बांगड्या. गावोगाव फिरून बांगड्या भरणे हा त्यांचा पूर्वापार धंदा, आणि घरची भाषा नेपाळी. मला आमच्याकडचे मनियार आठवले. तोच धंदा, तेच गावातल्या सगळ्या घरांत जाणे-येणे, आणि तशीच गावाची भाषा तोंडी बसलेली. दुकानातल्या आजींना मी मराठी-हिंदीत सांगत होते, त्या नेपाळीत उत्तर देत होत्या, आणि हातात बांगड्या बरोबर मापाच्या चढल्या. त्यांच्या घरातले दोन नातू आखातात होते. मिस्त्रीही तिथूनच आलेला. त्या डोंगरात भेटलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या घरातले कोणी ना कोणी परदेशात होते.

रविवारी, २१ मे रोजी सकाळी त्याने बुटवलला फोन केला. तिथल्या दुकानदाराने पुडा बसच्या ड्रायव्हरकडे दिला आणि दोन-अडीच तासांत तो बर्तुंगला उतरला. बुटवल तिथून चाळीस किलोमीटरही नाही. पुड्यात दोन ऑइल सील, त्यांच्या वरची धूळ अडवणारी रबरे, ब्रेकपॅडची जोडी आणि मागच्या शॉकअपची जोडी. मागच्या शॉकअपच्या खोक्यावर बनवल्याचा पत्ता वाचून शौहर हसू लागले. वाळूज, महाराष्ट्र. अकराशे किलोमीटर गाडी हाकून परदेशात आलो आणि सुटा भाग मराठवाड्यातला! त्यात आश्चर्य नाही. पल्सर चाकण-वाळूजकडे बनते आणि नेपाळमध्ये गल्लोगल्ली दिसते, तेव्हा तिचे भागही त्याच वाटेने डोंगर चढतात.

२०२५ साली योगेश आलेकरी हे मराठी प्रवासी मुंबईहून निघून नेपाळ, चीन आणि पुढचे अनेक देश पार करत मोटारसायकलने इंग्लंडला पोहोचले. ऑगस्टमध्ये नॉटिंगहॅमला त्यांची गाडी चोरीला गेली, ती बातमी आपण सर्वांनी वाचली. चोरीची बातमी होते, झिजलेल्या शॉकअपची होत नाही. पण इतक्या लांब जाणाऱ्याला व्हिसाइतकीच ही काळजी घ्यावी लागत असणार. आपल्यासारख्यांनी साधी गाडी घेऊन जवळच्या देशात जाण्यात एक मोठा फायदा आहे. जी गाडी तिथला दूधवाला चालवतो, तिचा भाग तिथे मिळतो आणि ती उघडणारा हातही मिळतो. महागडी गाडी असती तर आम्ही कुरियरची वाट बघत पंधरा दिवस बसलो असतो.

काम मी स्टुलावर बसून पाहिले. पुढचे चाक काढले, दोन्ही नळ्या खाली ओढून घेतल्या. जुने तेल एका डब्यात ओतले, ते नालीतल्या पाण्यासारखे काळे आणि वासही तसाच. निघाले तेही फार कमी. सीलच्या वरची तारेची कडी काढून सील उचकटले, नळीवरचा गंजाचा खड्डा अगदी बारीक पॉलिश पेपरने तेल लावून घासला. नवीन सील नीट बसावे म्हणून जुने सील त्याच्यावर उलटे ठेवून हलके ठोकले. मग नवीन तेल. त्याने काय काढावे मापायला? लहान बाळाची दुधाची बाटली. तिच्यावर मिलिलीटरच्या खुणा असतात. दोन्ही नळ्यांत तेल अगदी सारखे हवे, नाहीतर गाडी एका अंगाला ओढते. एका बाजूचे सील फुटले तरी दोन्ही बदलायची, हाही त्याचा आग्रह. दोन्ही नळ्या एकाच दिवशी गाडीला लागल्या, एकाच रस्त्यावर झिजल्या.

तेल लागलेले ब्रेकपॅड शौहर म्हणत होते घासून वापरू. त्याने नकार दिला. पॅड तेल पितो, घासला तर वरचे जाते, गरम झाला की आतले बाहेर येते. डिस्क भांडी घासायच्या साबणाने धुतली, वाळवली, पुन्हा धुतली. मागचे जुने शॉकअप काढून त्याने एक माझ्या हातात दिले आणि दाबायला सांगितले. स्प्रिंग आवरायला आत कोणी नव्हते, दाबले तसे ते हातातून उसळले. नवीन जोडीतले दाबले तर सावकाश, कुरकुरत वर आले. मी जे सांगायचा प्रयत्न करत होते, ते त्या एका क्षणात शौहरच्या हाताला कळले. मी काही बोलले नाही. बोलायची गरजच नव्हती.

मजुरी त्याने नेपाळी १६०० मागितली, म्हणजे आपले हजार. शौहरनी दोन हजार दिले तर चारशे परत केले. मग म्हणाला, जुने शॉकअप ठेवून जाता का? दोनपैकी एकाची स्प्रिंग अजून जिवंत आहे, तेल भरून एखाद्याच्या सामानाच्या गाडीला लावीन. ठेवून आलो.

सोमवारी उतरलो. बर्तुंगहून आधी आर्यभंज्यांग, तिथून रामदीपर्यंत वळणावळणाचा उतार. खाली कालीगंडकी, रंग राखेसारखा. ब्रेक दाबला की पुढचा भाग आधी डोके टेकवायचा, तो आता फक्त मान तुकवत होता. वळणात गाडी जिथे वळवली तिथेच वळत होती. मी पहिल्यांदा दोन्ही हात सोडून डोंगराकडे बघितले. वाटेत वालिंगला थांबून त्याने सांगितल्याप्रमाणे नळ्यांवर बोट फिरवून पाहिले, कोरड्या होत्या. पोखऱ्याबद्दल मी फार लिहीत नाही. फेवा तलाव सुंदर आहे, पण मे महिन्याच्या धुरकटीत हिमशिखरे एकदाच, तीही पहाटे दहा मिनिटे दिसली.

परत आल्यावर आंजीच्या रस्त्यावर फरक जाणवतोच. रस्ता तोच, लाटा त्याच, ‘ठक’ नाही. पावसाळ्यात आता आठवड्यातून एकदा नळीवरचा चिखल ओल्या फडक्याने पुसायचा, वाळू द्यायचा नाही, हे काम शौहरनी स्वतःकडे घेतले आहे. गाडीच्या डिक्कीत ऑइल सीलची एक जोडी आणि एक्स-रेची एक पट्टी असते. पट्टी माझ्या सासूबाईंच्या गुडघ्याच्या एक्स-रेची आहे.

मिस्त्रीने दिलेली पावती शौहरनी गाडीच्या कागदांत ठेवली आहे. तिच्यावर तारीख आहे ७ जेठ २०८०. पुढच्या वर्षी विम्याचे नूतनीकरण करताना एजंटने ती उलटसुलट करून पाहिली आणि माझ्याकडे वळून विचारले, “मॅडम, हे शॉकअप अजून छप्पन्न वर्षांनी बदलणार आहेत का?”